हुरड्याच्या दिवशीचा एकच फोटो

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या महिला मंडळाचा आधार असलेल्या कौशल्याबाई, मंचावर विराजमान झालेले मुख्याध्यापक चिंतामणी गुरुजी, ज्यांच्या मायेपोटी आपण सगळे भर एप्रिलच्या उन्हात या पत्र्याच्या सभागृहात जमलो आहोत त्या आमच्या वनमालाबाई, त्यांचे यजमान हणमंतराव, शाळेतला शिक्षकवर्ग, मंडळाच्या भगिनी, आणि पाठीमागच्या बाकांवर कडेवर लेकरं घेऊन बसलेल्या वनमालाबाईंच्या जुन्या विद्यार्थिनी, आपणां सर्वांना विनोदिनीचा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली, घरात रमणारी बाई. या व्यासपीठावर वर्षातून एकदा उभी राहते ती मंडळाचा जमाखर्च वाचायला, आणि तोही तुम्ही ऐकत नाही हे मला ठाऊक आहे. आज मात्र शब्द वाचायचे आहेत, म्हणून चार दिवस बसून लिहून आणले. गुरुजींनी पाच मिनिटं सांगितली आहेत. गुरुजी, मी आयुष्यभर सगळ्याच गोष्टी पुरवून पुरवून वापरल्या. आज तेवढं बोलणं जरा सैल हातानं होणार आहे. रागावू नका.

वनमालाबाईंच्या कामाबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. सव्वीस वर्षं आपल्या मराठी वर्गांना त्यांनी शिकवलं. ज्या गावात बाजार तेलुगूत, कचेरी तेलुगूत, दुकानदाराशी हिंदी, आणि मराठी फक्त चुलीपुढे, तिथे आपल्या पोरींना त्यांनी शुद्ध पत्र लिहायला शिकवलं. भाजीवाल्या त्यांना टीचरम्मा म्हणतात आणि त्यांच्या पिशवीत दोन मिरच्या जास्त टाकतात. मी बरोबर असले तर मलाही टाकतात. उद्यापासून टाकणार नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येते. कौशल्याबाईंनी माझी ओळख करून देताना काय सांगितलं? "वनमालाबाईंचं लग्न ज्यांनी जमवलं त्या विनोदिनीबाई." तुम्ही टाळ्या वाजवल्या. गेली सात वर्षं हा मान मी घेते आहे. लग्नात मला मधोमध बसवलं, साडी नेसवली, मी नेसले. पण ज्या माणसांना आपण निरोप देतो त्यांच्यापुढे खोट्या मानाची साडी नेसून उभं राहावं का? मला नाही वाटत. म्हणून ते लग्न कसं जमलं, त्याहीपेक्षा कसं जमलं नाही, ते आज सांगते. हणमंतराव, तुम्ही खाली बघू नका. तुमचं हसं होईल असं यात काही नाही.

सन चौऱ्याऐंशीची दिवाळी. आमच्या यजमानांचे, उद्धवरावांचे, बालमित्र हणमंतराव फराळाला आले होते. हणमंतराव बेल्लमपल्लीला, कोळशाच्या खाणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या कामावर. जमिनीखाली कुठून कुठे बोगदा गेला ते कागदावर आखणारे. वय पंचेचाळीस. वडील लवकर गेले, तीन बहिणींची लग्नं केली, आणि स्वतःचं राहून गेलं. बोलणं कमी. आमच्या घरी आले की पहिला तास फक्त "हो वहिनी" आणि "नको वहिनी".

वनमाला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची, आईबरोबर. तेव्हा सदतिसावं संपत आलं होतं. त्या दिवशी विरजण मागायला आली. ओसरीवर आमचा मुलगा आदिलाबाद जिल्ह्याचा नकाशा काढत बसला होता, तर तिनं उभ्या उभ्याच बेज्जूरकडची प्राणहिता नदी पेन्सिलीनं दुरुस्त केली. हणमंतराव न राहवून म्हणाले, "टीचरबाई, नदी इतकी आत येत नाही."

"तुम्ही गेलात कधी बेज्जूरला?"

"नाही. पण मूळ नकाशात..."

"मी दोन वर्षं होते तिथल्या शाळेत. श्रावणात नदी इथवर येते. तुमच्या नकाशाला पावसाळा माहीत नाही."

आणि विरजणाची वाटी घेऊन ती निघून गेली. हणमंतरावांच्या चहावर साय धरली. उद्धवराव म्हणाले, "अरे हणमंता, चहा!" तर म्हणाले, "हो, बरोबर आहे त्यांचं." कोणाचं, कशाचं, आम्हाला कळायला आणखी दोन महिने लागले.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ते पुन्हा आले. मी पूजेची मांडणी करत होते. दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं होतं. टीचरबाईंना मी लग्नाचं विचारलं तर?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही कशाला विचारता? मी त्यांच्या आईकडे शब्द टाकते. पत्रिका मागवू, बघण्याचा कार्यक्रम ठरवू."

तर हा गरीब माणूस इतका ठामपणे बोलला की मी हातातला कलश खाली ठेवला. "नाही वहिनी. बघणं नको. त्यांना बघायला कोणी आलंय असं त्यांना वाटायला नको. मीच विचारीन, एकदाच, मोकळ्या जागी. नाही म्हणाल्या तरी चारचौघांत त्यांना कमीपणा यायला नको."

आपल्या भागात, त्या काळी, पुरुषानं असं स्वतः विचारणं! मी ऐकलं नव्हतं. पण मला ते फार आवडलं. हेही खरं सांगते.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांची आई सोनाबाई तामसीजवळच्या खेड्यात अंथरुणाला खिळलेली होती. भेटायला गेलं की एकच म्हणायची, "बापू, माह्या डोळ्यानं सून पाहीन अन् मंग जाईन. तू नुसता हो हो करून राह्यला." तिला आता तोंडचं खरं वाटत नव्हतं. म्हणून हणमंतरावांच्या मनात असं की, वनमालानं होकार दिला तर त्याच क्षणी तिचा फोटो निघावा आणि रोल धुऊन आला की तो घेऊन आईच्या उशाशी बसावं. आता हा फोटो काढणार कोण? बाहेरचा माणूस आणला की बोभाटा. "वहिनी, तुम्हीच."

मी! मी तोवर कॅमेरा हातात धरला नव्हता. त्यांनी आपला कॅमेरा आणून दिला. रोल भरायच्या आधी मी आठ दिवस रिकाम्या कॅमेऱ्यावर सराव केला. डब्यांच्या फळीचा फोटो, तुळशीचा फोटो, झोपलेल्या उद्धवरावांचा फोटो. "बटण दाबताना श्वास धरायचा, वहिनी." मी इतका श्वास धरायची की उद्धवराव म्हणाले, "अगं, फोटो नको, पण तू राहा."

जागा मी ठरवली. तामसीला माझं माहेर. संक्रांत झाली की भगवानरावदादांच्या शेतात हुरडा असतो. शाळेतल्या चार बायकांना बोलवायचं, उद्धवरावांबरोबर हणमंतराव आपोआप येतील, कोणाला संशय नाही. वेतही मीच आखला. हुरडा खाऊन झाला की मी वनमालाला विहिरीपलीकडच्या बोरीखाली घेऊन जायचं, बोरं वेचायला. हणमंतरावांनी मागून यायचं. मी बाजूला व्हायचं. ते विचारतील, आणि मी फोटो काढीन. मी देवाला दुर्वा वाहिल्या, उपास धरला. सगळं केलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही, आणि ती यायला हवी होती. कारण ती मला ठाऊक होती. हणमंतरावांना नव्हती.

वनमालाचे फोटो याआधी पाच वेळा निघाले होते. या सभागृहातल्या माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. मोठ्या रस्त्यावरच्या स्टुडिओत न्यायचं, मागे रंगवलेला बगीचा, हातात कोणाचं तरी घड्याळ. आणि फोटोवाला म्हणायचा, "बाई, चष्मा काढा." चष्मा काढला की वनमालाला पुढचं काही दिसत नाही. तशी, न दिसणाऱ्या डोळ्यांनी ती पाच वेळा कुठल्या तरी अनोळखी घराकडे बघत बसली. ते फोटो पोस्टानं गेले आणि पोस्टानंच परत आले. पत्रिका जुळत नाही. मुलगी नोकरी करते. मुलीचं वय. पाचवा आला तेव्हा तिनं आईला सांगितलं होतं, यापुढे माझा फोटो काढायचा नाही. हे सगळं तिनं मला माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं. आणि मी तिच्यापुढे कॅमेरा घेऊन निघाले!

पंच्याऐंशीचा जानेवारी. हुरडा काय सुरेख होता! माझी वहिनी मालनबाई निखाऱ्यातून कणसं काढून गरम गरम चोळून देत होती. हणमंतरावांच्या हातातला हुरडा हातातच. मालनबाईचं लक्ष बारीक. मला म्हणते, "वन्सं, हे पावणे काऊन खाऊन नाई राह्यले? आमच्या शेतातला गोड नाई लागत?" मी म्हटलं, "त्यांचे दात दुखतात." तर ती मोठ्यानं, "दात दुखते म्हणून मानसाचे कान असे लाल होते का वं?" सगळ्या बायका हसल्या. वनमालाही हसली. त्या दिवशी ती फार हसत होती. तिनं निळ्या काठांची साडी नेसली होती, आणि मघाशीच हणमंतरावांना म्हणाली होती, "काय, प्राणहिता कुठवर आली तुमच्या नकाशात?" तर त्यांनी खिशातून कागद काढून दाखवला. बेज्जूरपाशी नदीच्या काठाबाहेर त्यांनी बारीक टिंबांची एक रेघ काढली होती, आणि लिहिलं होतं, श्रावणातली नदी. ती कितीतरी वेळ तो कागद बघत होती.

बोरीखाली गेलो. ठरल्याप्रमाणे हणमंतराव मागून येताना मला दिसले. वीस पावलांवर. मग दहा. मी चार पावलं बाजूला झाले, पदराखालून कॅमेरा काढला, डोळ्याला लावला आणि श्वास धरला.

वनमालानं बोरं वेचता वेचता वर बघितलं. कॅमेरा दिसला. आणि तिचा हात आपोआप वर गेला आणि तिनं चष्मा काढला.

इतकी सवय होती तिला! चष्मा काढल्यावर तिला समजलं की आपण काय केलं. तिचा चेहरा असा झाला की मी आजही तो सांगू शकत नाही. ती म्हणाली, "विनोदिनी, तूसुद्धा? आता कोणाला पाठवायचाय?" मी नाही नाही म्हणते, पण डोळ्याला कॅमेरा तसाच. आणि ती मोठ्यानं बोलली, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, "मला लग्न करायचं नाही! कोणाशीच नाही! पुन्हा हा विषय माझ्यापुढे काढलात तर मी तोंड बघणार नाही!"

तिच्या पाठीमागे पाच पावलांवर हणमंतराव उभे होते. तिची पाठ त्यांच्याकडे, चष्मा हातात, तिला ते दिसलेच नाहीत. त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. त्यांना वाटलं, मी आधीच काही सांगितलं असावं आणि हे त्याचंच उत्तर. आणि माझं बोट, देव जाणे कसं, त्याच वेळी दाबलं गेलं.

ते वळले आणि विहिरीकडे गेले. मागून आले तसेच, आवाज न करता.

परतीच्या बसला अजून वेळ होता. तामसीच्या मारुतीपाशी त्यांनी मला गाठलं. मी म्हटलं, "भाऊजी, ती तुम्हाला नाही म्हणाली, ती कॅमेऱ्याला..." त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "वहिनी, त्या लग्नाला नाही म्हणाल्या. स्वच्छ ऐकलं मी. आता पुन्हा विचारणं म्हणजे त्यांना छळणं. तुम्ही या मारुतीपुढे शब्द द्या, हे त्यांना कधी सांगणार नाही. त्यांना अवघडल्यासारखं होईल, आणि तुमची मैत्रीण तुटेल." मी शब्द दिला. शेंदरावर हात ठेवून दिला. कॅमेरा परत द्यायला गेले तर म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच. मला आता कोणाचा फोटो काढायचा आहे?"

त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. दिवाळीला पत्र यायचं, उद्धवरावांना.

माझं आणि वनमालाचं आठ दिवसांत मिटलं. मी सांगितलं, कॅमेरा नवीन होता, हौस म्हणून काढत होते. तिनं विश्वास ठेवला. माझ्यावर तिचा विश्वास असायचाच.

आता कॅमेऱ्यात रोल छत्तीस फोटोंचा, आणि निघाला होता एक. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पस्तीस फोटो कोरे असताना रोल धुवायला टाकायचा? माझ्याच्यानं झालं नाही. मुलाची मुंज, नणंदेचं डोहाळजेवण, गाय व्यायली, असं करत तीन वर्षं गेली. मधल्या काळात सत्त्याऐंशीच्या दिवाळीत सोनाबाई गेल्या. सून न बघता गेल्या. अठ्ठ्याऐंशी साली रोल धुऊन आला.

पहिलाच फोटो तो. पुढे वनमाला, चष्मा हातात, डोळ्यांत राग आणि पाणी. आणि तिच्या खांद्यामागे हणमंतराव. ते तिच्याकडे बघताहेत. मंडळी, तो चेहरा बघितल्यावर कोणाला काही सांगायची गरजच नव्हती. मी फोटो देवघरातल्या पोथीच्या बासनात गुंडाळून ठेवला.

इथपर्यंतचं वनमालाला माहीत आहे. आता सांगते ते तिला माहीत नाही. हणमंतरावांनाही नाही.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. उन्हं कलली होती. वनमाला अचानक म्हणाली, "विनोदिनी, ते नकाशेवाले गृहस्थ हुरड्याला आले होते, ते पुन्हा आलेच नाहीत गं."

मी चीक ढवळत राहिले.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आले नाहीत काऊन?" शुद्ध बोलणारी, पोरींनी 'का'ऐवजी काऊन म्हटलं की टोकणारी वनमाला. आणि हातातला सोऱ्या तसाच, कुरडई पडायची थांबलेली. चार वर्षं झाली होती, पण तिनं विचारलं कसं, तर ते परवाच आले असावेत असं.

मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, "कामात असतील."

दोनच शब्द. ती "हं" म्हणाली आणि पुढची कुरडई घातली.

तुम्ही म्हणाल, शपथ होती ना? मीही स्वतःला तेच सांगितलं. पण बायांनो, तुम्ही मला ओळखता. उपास मोडला तर काय करायचं, नवस फेडायचा राहिला तर काय करायचं, हे तुम्ही मलाच विचारायला येता. चुकलेल्या शब्दाचं प्रायश्चित्त मला माहीत नव्हतं का? मारुतीला अकरा शनिवार तेल वाहिलं असतं, त्याच्यापुढे नाक घासलं असतं, त्यानं मला माफ केलं असतं. तो एवढा कोत्या मनाचा नाही. शपथ मला अडवत नव्हती. मी शपथेला धरून बसले होते.

कारण सांगते. ते सांगायलाच उभी राहिले आहे. वनमालाचं लग्न झालं असतं तर ती बेल्लमपल्लीला गेली असती.

तेराव्या वर्षापासून मॅट्रिक व्हायचं माझं स्वप्न होतं, ते विसाव्या वर्षी झालं, आणि तिथेच संपलं. पुढे घर, सासू, मुलं. बोलायचं ते स्वयंपाकाचं आणि दुखण्याखुपण्याचं. भिंतीपलीकडे वनमाला राहायला आली आणि रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर अर्धा तास मला माणसात आल्यासारखं वाटायला लागलं. ती वर्गात काय झालं ते सांगायची. वर्तमानपत्र दोघींत एक. मी वाचून तिला विचारायची, आणि ती मला मूर्ख न समजता उत्तर द्यायची. मला तसं उत्तर दुसऱ्या कोणी दिलेलं नाही. उद्धवराव, तुम्ही चांगले आहात, पण तुम्हीही नाही. तो अर्धा तास मला सोडवेना. जिच्यावर माझा इतका जीव, तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं की ती कोणाची तरी वाट बघते आहे, आणि मी तिला म्हटलं, कामात असतील.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. एक्क्याण्णवच्या श्रावणात मला विषमज्वर झाला. चातुर्मासातला पोथीचा नेम मोडू नये म्हणून मी वनमालाला वाचायला बसवलं. तिनं बासन सोडलं आणि फोटो तिच्या मांडीवर पडला. मला लोक विचारतात, ठेवलेला विसरलात का? मी अजून सांगू शकत नाही. ताप एकशेतीन होता. एवढं आठवतं की बासन सोडताना मी तिला थांबवलं नाही.

तिनं फोटो बघितला. पोथीखाली ठेवला. अध्याय पूर्ण वाचला, एक ओळ न गाळता, आरती केली, मला तीर्थ दिलं. आणि मग विचारलं, "हे माझ्या मागे उभे होते?" मी सगळं सांगितलं. मारुतीची शपथ सांगितली. कुरडयांचं सांगितलं नाही.

ती म्हणाली, "तू तरी काय करणार, शब्द दिला होतास." मला माफ करून टाकलं. ज्या गोष्टीची माफी मी मागितलीच नव्हती, तिची.

त्याच रविवारी पहाटेच्या बसनं ती आसिफाबादवरून बेल्लमपल्लीला गेली. एकटी. त्रेचाळीस वर्षांची बाई, पर्समध्ये फोटो. खाणीच्या वसाहतीत विचारत विचारत त्यांच्या दारी पोचली. हणमंतराव अंगणात चादर वाळत घालत होते. आम्ही आखलेला सगळा बेत एका बाजूला, आणि हिनं उभ्या उभ्या विचारलं ते एका बाजूला. हणमंतरावांच्या तोंडून मी ऐकलं आहे. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं ते तुम्हाला नव्हतं. तुम्ही विचारलंच नाही, म्हणून मी विचारायला आले आहे." चादर चिखलात पडली म्हणे. त्या वेळी फोटो काढायला कोणी नव्हतं, हे फार बरं झालं.

तुळशीचं लग्न झाल्यावर यांचं झालं. आणि गंमत बघा. मी ज्या भीतीनं गप्प बसले ती भीती खरी ठरलीच नाही. बेल्लमपल्लीला मराठी शाळेत जागा नव्हती, खाण इकडे येऊ शकत नव्हती. वनमाला माझ्या भिंतीपलीकडेच राहिली. हणमंतराव शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. सात वर्षं. शनिवारी दुपारपासून ती बसच्या आवाजाकडे कान लावायची. माझा संध्याकाळचा अर्धा तास तसाच चालू राहिला, आणि तिला मात्र आठवड्यातून दीड दिवस. आता परवाच हणमंतराव निवृत्त झाले. कोळशाच्या धुळीनं त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं आहे. वर्ध्याला त्यांच्या बहिणीच्या अंगणात दोन खोल्या आहेत, म्हणून वनमालानं नोकरीची आठ वर्षं बाकी असताना राजीनामा दिला. काल आवराआवर करताना मला म्हणाली, "विनोदिनी, आम्ही दोघांनी मंगळवार एकत्र बघितलाच नाही गं कधी. सुट्टीतले सोडले तर."

वनमाला, हे तू सहज बोललीस. मी घरी येऊन देवापुढे बसले आणि हे भाषण पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. सहा वर्षं मी तुमची ठेवून घेतली. त्यांतली पहिली चार तरी चुकून गेली म्हणता येतील. नंतरची दोन चुकून गेली नाहीत, ती मी जाणूनबुजून ठेवून घेतली. सोनाबाईंना मात्र मी कुठून परत आणू? माफी एकांतात मागता आली असती, पण मग तू नेहमीसारखी लगेच देऊन टाकली असतीस. म्हणून चारचौघांत सांगितलं. ज्या लोकांनी मला मान दिला, त्यांच्यादेखत तो परत केला. आता तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर दे. वर्ध्याहून पत्रानं दिलीस तरी चालेल. नाही दिलीस तरी मी समजेन.

आता गुरुजी दोनदा घड्याळाकडे बघून झाले आहेत. मला इतका वेळ सोसल्याबद्दल अध्यक्षांचे, मंडळाचे आणि शाळेचे आभार. ज्या पोरींनी सकाळपासून मोगऱ्याचे गजरे गुंफले, फरशी पुसली, पाणी भरलं, त्यांचे विशेष आभार. माझ्या बोलण्यात जे जास्तीचं आलं असेल, जे सभेत बोलू नये ते बोललं गेलं असेल, ते मोठ्या मनानं पोटात घाला. लिहिता येतं तेवढं लिहिलं, धीर होता तेवढं वाचलं.

शेवटचं. घरातून माणूस निघालं की आपण त्याला जा म्हणत नाही. ये म्हणतो. मीही आजवर सगळ्यांना येच म्हणत आले, मुलीला सासरी पाठवतानासुद्धा. उद्या सकाळी बस सुटेल तेव्हा स्टँडवर सगळे तुला ये ये म्हणतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. पण मला ते म्हणायचं नाही. मला जे तेव्हा तोंडातून काढता आलं नाही, ते आज सगळ्यांसमोर काढते.

जा, वनमाला. हणमंतरावांबरोबर जा.